क्रीटच्या एका गावात सात दिवस: येओर्यूपोलीला मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन कसं जावं

ग्रीसची सहल म्हटली की आपल्याकडे एक ठरलेला फेरा असतो. अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन, सँटोरिनी दोन. म्हणजे आठवड्यात तीन-चारदा बॅगा भरायच्या, बोटीच्या धक्क्यावर उन्हात ताटकळायचं आणि ज्या निळ्या घुमटांसाठी एवढं केलं तिथे फोटोसाठी रांग लावायची. आमच्या घरात गुडघे धरलेल्या सासूबाई, अकरा वर्षांची मोठी आणि पाच वर्षांचा धाकटा. हा फेरा आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून एकच बेट आणि एकच गाव निवडलं, आणि बॅगा एकदाच उघडल्या.

गावाचं नाव येओर्यूपोली. नकाशावर आणि हॉटेलांच्या यादीत ते जॉर्जिओपोली असंही सापडेल. क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हान्या आणि रेथिम्नो या दोन शहरांच्या मध्ये. पूर्वी इथे दलदल होती आणि डासांचं राज्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी काढून गाव वसवलं, पाणी शोषणारी निलगिरीची झाडं लावली आणि क्रीटचा तेव्हाचा उच्चायुक्त राजपुत्र जॉर्ज याचं नाव गावाला दिलं. आज गावच्या चौकावर त्याच निलगिरींची सावली असते. मुलं तिथे चेंडू खेळतात आणि मोठी माणसं कॉफीचा एक कप दीड तास पुरवतात.

हेच गाव का, तर तिथे पाणी तीन तऱ्हेचं आहे: समुद्र, नदी आणि चार किलोमीटरवर गोड्या पाण्याचं तळं. कुठल्या दिवशी कोणाला कुठल्या पाण्यावर न्यायचं हे कळलं की पुढचा आठवडा आपोआप लागतो. पण आधी तिथवर पोचायचं कसं ते बघू.

कधी जायचं

इथला मोसम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, म्हणजे जमतं. फक्त तेव्हा समुद्राचं पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं पहिल्या दिवशी किंचाळतात, तिसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार नसतात. जूनचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात योग्य वाटतो. जुलै-ऑगस्टला पाणी छान कोमट असतं, पण उन्हाचा तडाखा, गर्दी आणि उत्तरेकडून येणारा ‘मेल्तेमी’ वारा असं तिन्ही एकदम वाट्याला येतं. १५ ऑगस्टला ग्रीकांचा मोठा सण, त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्किल. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करत असाल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच जा. नोव्हेंबरात गाव निम्मं मिटलेलं असतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ग्रीकांचा ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरच्याच दिवशी येईल असं नाही. २०२७ साली तो २ मे रोजी आहे. त्या सुमारास अथेन्सहून निम्मं शहर आपापल्या गावी निघतं, अगदी आपल्या गणपतीसारखं, आणि बोटी आधीच भरून जातात.

व्हिसा आणि कागद

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका. मे महिन्याची सहल असेल तर फेब्रुवारीतच वेळ घ्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा-केंद्राची सेवा-फी वेगळी. प्रवासविम्यात वैद्यकीय खर्चाचं कवच किमान ३०,००० युरोचं हवं. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे व्हिसासाठी घेत नाहीत, पण जन्मदाखला लागतो. आई किंवा वडील यांपैकी एकच जण बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र तयार ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा. सासूबाईंच्या पासपोर्टची मुदत आम्ही ऐनवेळी पाहिली आणि त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून अथेन्स. थेट विमान परवडलं तर उत्तम, नाहीतर आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे. पुढे दोन वाटा.

पहिली वाट विमानाची. अथेन्सहून हान्या साधारण ५० मिनिटं. हान्याच्या विमानतळावरून गाव पाऊण ते एक तासावर. बसने जायचं तर आधी हान्याच्या मुख्य बसस्थानकावर उतरून रेथिम्नोकडची बस धरावी लागते. दोन मुलं, आजी आणि चार बॅगा असताना हा उद्योग करू नका. राहायच्या जागेच्या मालकालाच टॅक्सी सांगायला लावा आणि भाडं आधी लेखी ठरवून घ्या.

दुसरी वाट रात्रीच्या बोटीची. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्री सुटते आणि पहाटे हान्याजवळच्या सूदा बंदरात लागते. आम्ही जाताना बोटीने गेलो, येताना विमानाने. चार बर्थची केबिन घ्या. खुर्चीचं तिकीट स्वस्त असतं, पण पाच वर्षांचं मूल खुर्चीत झोपत नाही, आपल्या मांडीवर झोपतं. केबिन घेतली की हॉटेलची एक रात्र वाचते, आणि आपण बोटीत झोपलो याची मुलांना एवढी अपूर्वाई वाटते की पुढे महिनाभर तेच सांगत सुटतात.

क्रीटमधल्याच हेराक्लिओ शहराचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून ते घेऊन टाकू नका. बेट एकच असलं तरी तिथून गाव सुमारे १०० किलोमीटर आहे.

राहायचं कुठे

यादीत ‘जॉर्जिओपोली’ लिहिलेलं प्रत्येक हॉटेल गावात असतंच असं नाही. पूर्वेला काव्रोसकडे पसरलेल्या पट्ट्यातली मोठमोठी हॉटेलंही हेच नाव लावतात. जेवणासकट सगळं एका दरात, तरणतलाव, संध्याकाळी नाचगाणी. वाईट नाहीत, पण मग गाव दिसत नाही, हॉटेल दिसतं. नकाशावर चौकापासूनचं अंतर मोजा आणि पायी दहा मिनिटांच्या आतली जागाच धरा.

गावात कुटुंबं चालवतात अशा छोट्या इमारती आहेत. त्यांना ‘स्टुडिओ’ म्हणतात: खोली, गॅलरी आणि दोन शेगड्यांचा ओटा. तो ओटा आपल्याला फार महत्त्वाचा. पत्र पाठवून चारच गोष्टी विचारा: तळमजला मिळेल का, पातेलं आणि झाकण आहे का, एसीचे पैसे वेगळे आहेत का, खिडकीला डासांची जाळी आहे का. शेवटचा प्रश्न नदीकाठच्या गावासाठी आहे. दलदल गेली तरी डास अजून पत्ता विसरलेले नाहीत. आणखी एक, ग्रीसमध्ये मुक्कामावर सरकारी कर लागतो. मोसमात तो हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे खोलीमागे रोज २ ते १५ युरो असतो आणि बहुतेकदा तिथेच भरावा लागतो. त्यावरून काउंटरवर वाद घालू नका, तो मालकाच्या खिशात जात नाही.

तीन पाणी

आता मुख्य विषय. आपल्यातले बरेचजण समुद्राकडे बघायला कोकणात शिकलो: भरती कधी, ओहोटी कधी, पुळण किती उघडी पडली. ते इथे विसरा. भूमध्य समुद्राला इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे पाणी, संध्याकाळी साधारण तिथेच. त्यामुळे वाटतं की हा समुद्र म्हणजे मोठं तळंच. इथेच फसगत होते. या समुद्राचं घड्याळ म्हणजे वारा.

गावापासून पूर्वेकडे मैलोन्‌मैल पसरलेला वाळूचा किनारा आहे. मऊ वाळू, उतार हळूहळू, वारा नसलेल्या सकाळी पाच वर्षांच्या मुलालाही गुडघाभर पाण्यात सोडावं असा. पण उत्तरेचा वारा सुटला की लाटा थेट अंगावर येतात आणि परतताना पाण्याला जबर ओढ असते. म्हणून सकाळी गॅलरीत उभं राहून झाडांच्या शेंड्यांकडे बघायचं. शेंडे हलत नसतील तर समुद्र. जोरात हलत असतील तर आज समुद्र नाही. किनाऱ्यावर जीवरक्षकाचा मचाण आणि झेंडा असेल तिथेच बसा. लाल झेंडा असताना घोट्यापुढे जायचं नाही, मग शेजारचं कुटुंब कितीही मजेत डुंबत असो. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं आणि मग परतायचं. मोठ्या मुलीला आम्ही हे वाळूवर काडीने आकृती काढून समजावलं.

छत्री आणि खाट भाड्याने मिळते, पण घ्यायलाच हवी असं नाही. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक असतो. मोकळ्या वाळूवर आपली चटई टाकली तर कोणी उठवत नाही.

दुसरं पाणी नदीचं. अल्मिरोस नदी गावाला खेटून समुद्राला मिळते आणि मुखाशी होड्यांचं लहानसं बंदर आहे. अल्मिरोस म्हणजे खारट. पण ही खाडी म्हणावी तर आपल्या खाडीसारखा चिखल नाही. झऱ्यांचं पाणी, तळ दिसेल इतकं नितळ आणि भर उन्हाळ्यातही बर्फासारखं गार. पायडलच्या होड्या भाड्याने मिळतात. बोरूच्या बेटांमधून उलट दिशेला वर जायचं, आवाज करायचा नाही, मग ओंडक्यांवर उन्हं खात बसलेली कासवं दिसतात. धाकट्याने सात मोजली. आठव्याला त्याने हाक मारली आणि सगळी डुबुक.

नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेलात की कालिवाकी नावाचा छोटा आडोशाचा किनारा आहे. मोठ्या किनाऱ्यावर वारा असेल तेव्हा इथे पाणी बरंच शांत असतं. पण झऱ्याचं गार पाणी इथेही मिसळतं. सासूबाईंनी साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून पाय घातला आणि “अगं बाई, हे तर माठातलं पाणी!” म्हणून जो काढला, तो पुन्हा घातला नाही. दमेकरी, संधिवाताची माणसं आणि अगदी तान्ही मुलं यांनी इथे काठावरच बसावं.

बंदराजवळून दगडांचा एक ओबडधोबड बांध समुद्रात जातो. त्याच्या टोकाला खडकावर सेंट निकोलसचं पांढरं देऊळ आहे, एका खोलीएवढं. हा खलाशांचा संत. गावाच्या प्रत्येक फोटोत हेच देऊळ असतं आणि प्रत्येक मूल तिथे चालत जायचा हट्ट धरतं. न्या, पण रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. दगड ओले असतात, सपाट नसतात, आणि वाऱ्याच्या दिवशी लाटा बांधावरून पलीकडे जातात. आमची मोठी साध्या स्लिपरवर निघाली आणि अर्ध्या वाटेत गुडघा फोडून घेतला. सासूबाईंनी काठावरूनच हात जोडले, तेही पोचले असणार.

तिसरं पाणी कुर्नास तळ्याचं. क्रीटमधलं हे गोड्या पाण्याचं नैसर्गिक तळं. तीन बाजूंनी डोंगर, पाण्याचा रंग कडेला पोपटी आणि मध्ये गडद निळा. गावातून रबरी चाकांची झुकझुकगाडी तिथे जाते. पाच वर्षांच्या माणसाच्या दृष्टीने सहलीचा कळस हाच. समुद्रावर वाऱ्याचा दिवस असेल तो तळ्याला द्या, आणि शक्यतो सकाळी लवकर. दुपारी बसभरून माणसं येतात. होडीत मुलांना जॅकेट घालायला लावा. काठावरची बदकं खायला मागतात आणि न दिल्यास चप्पल ओढतात.

पोटाचं काय

शाकाहारी माणसांनी ग्रीसला घाबरायचं कारण नाही, आणि क्रीटला तर मुळीच नाही. इथल्या घरोघरच्या स्वयंपाकात भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्हचं तेल भरपूर. खानावळीला ‘ताव्हेर्ना’ म्हणतात. हे पदार्थ शोधा: होर्ता, म्हणजे उकडलेली रानभाजी, वर तेल आणि लिंबू, यिगान्देस, म्हणजे टपोऱ्या पांढऱ्या बिया टोमॅटोच्या रश्श्यात, फासोलाकिया, फरसबीची मऊ शिजलेली भाजी, फावा, पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण म्हणा ना, दाकोस, म्हणजे बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मऊ चीज, आणि हान्या भागाचं बुरेकी, बटाटा, झुकिनी आणि चीज थरावर थर लावून भाजलेलं. गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या, मागवताना मात्र विचारा. कधी आत खिमा असतो. तळलेल्या पदार्थांचं तेल माशांचंच असू शकतं. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचा पदार्थ. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी-माकूळ चालतं! आपला उपास आणि त्यांचा उपास वेगळा.

सांगायचं असं: “इमास्ते होर्तोफागी”, आम्ही शाकाहारी आहोत. “होरिस क्रेआस, होरिस प्सारी”, मांस नको, मासा नको. आणि आता महत्त्वाचं. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. ‘ओही’ म्हणजे नाही. पहिल्या रात्री वेटरला विचारलं, यात मांस नाही ना, सगळं भाजीचं? तो हसून म्हणाला, “ने, ने!” सासूबाईंनी ताट त्याच्याकडे सरकवलं. “ने म्हणतोय ना, मग ने बाबा.”

जेवणाची वेळ हा खरा तिढा. ग्रीक माणूस रात्री नऊच्या पुढे जेवतो. पण ताव्हेर्ना सात वाजता उघडी असते आणि तेव्हा मोकळी असते. मुलांना घेऊन तेव्हाच जा. पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे बिलात लागतात. शेवटी फळं किंवा गोडाची बशी आणि राकी या तिथल्या दारूचे छोटे पेले येतात, त्याचे मात्र लागत नाहीत. राकी साधी दिसते, साधी नसते.

दोन दिवसांनी घरचं खावंसं वाटतंच. किराणा दुकानात तांदूळ, मसूर, कांदे-बटाटे सगळं मिळतं. फोडणीचं साहित्य, हळद, गोडा मसाला आणि लहान कुकर घरून न्या. दह्याच्या कप्प्यात ‘स्त्रांगिस्तो’ लिहिलेला डबा घ्या, दहा टक्के स्निग्धांशाचा. ग्रीक लोक यावर मध घालून खातात आणि ते अप्रतिम लागतं. सासूबाईंनी मात्र चमचा उभा धरून बघितला, तो उभाच राहिला. “हा तर चक्का!” पुढची दहा मिनिटं पिठीसाखर, पर्समधली वेलची आणि वाटीत घोटणं. शेगडीवर पुऱ्या तळायचा बेत मी हाणून पाडला. मालकीणबाईंना वाटीभर दिलं, दुसऱ्या दिवशी ती वाटी लिंबांनी भरून परत आली.

इकडेतिकडे

सातपैकी दोनच दिवस बाहेर काढा. रेथिम्नो बसने अर्ध्या तासावर: व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला फोर्तेझा किल्ला, सिंहमुखांतून पाणी पडणारा १६२६ सालचा रिमोंदी हौद आणि सावलीच्या गल्ल्या. आजीला झेपतं. हान्या थोडं लांब, पण त्याच्या जुन्या बंदरावर संध्याकाळ घालवावीच. सामारिया घळीचं आमिष प्रत्येक दुकानात लावलेलं असतं. ती १६ किलोमीटरची दगडी उतरण आहे, लहान मुलांना घेऊन नाही. एलाफोनिसीची गुलाबी वाळू बेटाच्या नैऋत्य टोकाला आहे. जाऊन येऊन दिवस बसमध्ये जातो. सोडून द्या.

बसचं तिकीट आधी काढलं तर बरं. थांबा चौकात नाही, हमरस्त्यावर आहे. आणि ग्रीसमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आम्ही पुण्याच्या सवयीने नेमके उलट्या बाजूला उभे राहिलो. रेथिम्नोची बस समोरून गेली, आम्ही हात हलवले, आतल्या माणसांनीही प्रेमाने हलवले. पुढची बस येईपर्यंत तासभर धाकट्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली.

गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. लहान मुलांना वेगळी सीट लागते, ती आधी सांगून ठेवा. हमरस्त्यावर मागचा चालक अगदी चिकटला तर समजा की तो तुम्हाला कडेच्या पट्टीवर सरकायला सांगतोय. इथली रीतच तशी.

बारीकसारीक

दुपारी दोन ते पाच गाव झोपतं. गॅलरीतही हळू बोला. शौचालयात कागद टोपलीत टाकायचा, भांड्यात नाही. पाइप अरुंद असतात. तांब्या किंवा प्लास्टिकचा मग घरून न्या, लाजू नका. आपले गोल दोन पिनांचे चार्जर चालतात, तीन पिनांना अडॅप्टर हवा. हिरवा क्रॉस म्हणजे औषधांचं दुकान, आणि तिथला फार्मासिस्ट बहुतेक वेळा इंग्रजी बोलतो. जवळचं सरकारी आरोग्यकेंद्र वामोस गावात, मोठं रुग्णालय हान्यात. आणीबाणीला ११२. उन्हाळ्यात आपण अडीच तास पुढे असतो, त्यामुळे घरी फोन संध्याकाळी सातच्या आत करा, नाहीतर आजोबांची झोपमोड.

परतीच्या बॅगेत थायमचा मध, दाकोसचे टोस्ट आणि ऑलिव्हचं तेल येतंच. मध आणि तेल दोन्ही मोठ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून ठेवा. सुरक्षातपासणीच्या हिशेबी मध हा द्रव असतो. आमची अर्ध्या किलोची बरणी हातातल्या पिशवीत राहिली होती. ती तिथेच ठेवावी लागली, आणि सासूबाईंनी त्या अधिकाऱ्याला मराठीत, अगदी शांतपणे, ती कशाबरोबर खायची ते सांगितलं.